सहारातलं संगीत ऐकायला लागताना

एकदम सगळं जग कवेत घ्यायला जाऊ नकोस. एकच लेबल (म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी), एकच प्रदेश धर. माझं ऐकशील तर अमेरिकेतल्या पोर्टलंडचं 'साहेल साउंड्स' हे लेबल. मालीतल्या किदाल शहराकडे लोक ब्लूटूथवरून एकमेकांना गाणी देत; मोबाइलच्या मेमरी कार्डांतली तीच गाणी गोळा करून या लेबलने रेकॉर्ड काढली. पण आधी नायजरच्या 'ले फी द इलिघादाद' या बायकांच्या बँडचा २०१६चा अल्बम लाव. रेकॉर्डच्या एका बाजूला गिटार, दुसऱ्या बाजूला तेंदे. तेंदे म्हणजे चक्क उखळ, तोंडावर शेळीचं कातडं ताणलेलं! टाळ्या, सामूहिक गाणं, मोकळ्या जागेचा आवाज, सगळं त्यात आहे. हेडफोन लाव आणि मध्येच पुढे ढकलू नकोस, ती लय भिनायला वेळ लागतो. सोबतच्या टिपा वाचच. आवडलं तर बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या वेबसाइटवर विकत घे. छोट्या लेबलांना त्याचाच आधार असतो.