तारीख हलव, तिकीट तोडू नकोस

प्रिय मुली,

न्यूयॉर्कच्या जेएफकेहून लंडनच्या गॅटविक विमानतळापर्यंत एका कंपनीचं तिकीट, पुढे लंडनच्याच दुसऱ्या विमानतळावरून, हीथ्रोहून, मुंबई दुसऱ्या कंपनीचं, निघणं २० डिसेंबरला, आणि खाली तुझा प्रश्न: "काकू, एवढे पैसे वाचतायत, घेऊ का?" नको घेऊस. मी किती चिकट आहे ते आमच्या अख्ख्या एडिसन गावाला ठाऊक आहे, तेव्हा पैसे वाचवू नकोस असं माझ्या तोंडून येणार नाही. पण वाचवायचे ते तारखेत. तारीख हलव, तिकीट तोडू नकोस.

तोडलेलं तिकीट म्हणजे काय ते ऐक. गॅटविकला बॅगा तुम्हीच उचलायच्या, त्यासाठी इमिग्रेशनमधून बाहेर यायचं. भारतीय पासपोर्टवर त्याला व्हिसा लागेल का, हे तरी पाहिलंस का? मग सगळ्या बॅगा, स्ट्रोलर आणि पेंगुळलेली दोन पोरं घेऊन बसने हीथ्रो गाठायचं. पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी म्हणणार, आमचा काय संबंध? तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, म्हणजे त्या तिकिटावरचा परतीचा प्रवासही गेला. एकच तिकीट असतं तर पुढच्या विमानात बसवून देणं त्यांच्या गळ्यात.

आता तारीख. डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जून-जुलै, ही भाडी शाळांच्या सुट्ट्यांमुळे चढतात. तुला शाळा आहे कुठे? न्यू जर्सीत शाळेची सक्ती ६ व्या वर्षापासून, तुझा थोरला ४ वर्षांचा. अजून दोन वर्षं कॅलेंडर तुझ्या हातात आहे, आणि तू २० डिसेंबर धरून बसलीयस! संक्रांत झाली की निघ.

धाकटीचा हिशेब त्याहून नाजूक. दोन वर्षांच्या आतलं मांडीवरचं मूल साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्क्यांत जातं, वर थोडे कर. पण वय तिकीट काढल्याच्या दिवशीचं धरत नाहीत, प्रवासाच्या दिवशीचं धरतात. तिचा दुसरा वाढदिवस मार्चच्या सुरुवातीला ना? म्हणजे परतणं फेब्रुवारीतच. नाहीतर येताना तिची वेगळी सीट, आणि स्वस्त भाड्यांत मुलांचं तिकीट पुष्कळदा मोठ्यांच्या जवळपास जातं. आजीला सांग, केक आठ दिवस आधी कापू. बॅसिनेटच्या, म्हणजे विमानातल्या बाळाच्या पाळण्याच्या, आशेवर मात्र राहू नकोस. बहुतेक ठिकाणी १०-११ किलोची मर्यादा असते, तुझी कन्या ती कधीच ओलांडून बसलीय. तिचं डोकं तुझ्या दंडावर, पाय बापाच्या मांडीवर, सीटच्या फटीत चिवड्यातले शेंगदाणे. निभतं.

आमच्याकडे म्हणतात, ही पैशांपायी लग्नं चुकवते. पुतणीच्या डिसेंबरातल्या लग्नाला आम्ही नव्हतो, जाऊबाई अजून ऐकवतात. अल्बम बघताना मलाही लागतं, खोटं कशाला बोलू. पण आम्ही संक्रांतीनंतर गेलो, माझ्या पोरांनी शेतावर बसून हुरडा खाल्ला, आजोबांबरोबर रोज सकाळी दूध आणायला गेली, आणि वाचलेल्या पैशांत पुढच्या वर्षी परत गेलो. लग्नाच्या गर्दीत आजोबा त्यांच्या वाट्याला किती आले असते? हे मी जाऊबाईंनाही सांगितलंय. त्यांना पटलेलं नाही. मला पटतं.

तिकीट थेट विमान कंपनीकडून काढ, धाकटीचं नाव त्याच बुकिंगमध्ये घाल. निघायला सात दिवस किंवा जास्त असतील तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे २४ तासांत दंड न भरता रद्द करता येतं, नाहीतर कंपनी तेवढा वेळ पैसे न घेता तेच भाडं तुझ्यासाठी राखून ठेवते. म्हणजे भाडं बरं दिसलं तर रात्रभर घोळवत बसू नकोस.

आणि "ह्यांना रजा मिळत नाही" हे मला सांगू नकोस. डिसेंबरची रजा ऑफिसात सगळेच मागतात. जानेवारीची त्याला आत्ताच मागायला लाव, मिळेल.

तुझी,
काकू