डोंबिवलीचं घर सोडून पुण्यातल्या ज्येष्ठांच्या संकुलात जावं का?

तुमचा प्रश्न असा: वय ६८ आणि ७४, मुलगा परदेशात, तो म्हणतो डोंबिवलीचं घर माझ्या नावावर करा आणि तुम्ही पुण्यातल्या संकुलात राहा. जावं का, आणि एवढ्या संसाराचं काय करावं?

आम्ही दोघं ठाण्याहून असेच आलो. माझं मत, जावं. पण हातपाय चालताहेत तोवर, आणि जुनं घर लगेच न विकता. नव्या जागी ओळखी होतात त्या स्वतः हिंडून: कट्ट्यावर, भजनाला, जेवताना शेजारच्याशी बोलून. आजारपणात मुलांनी आणून ठेवलेली माणसं खोलीबाहेर पडतच नाहीत. आमच्या इमारतीत अशा एक आजी आहेत, त्यांच्याकडे बघून जीव तुटतो.

संकुल बघायला गेलात की बाग आणि वाचनालय दाखवतीलच. तुम्ही खोदून विचारायचं ते एवढंच, की आमच्यातलं एक जण अंथरुणाला खिळलं तर काय? बरीच संकुलं स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठीच असतात. मदतनीस बाई कोण आणणार, तिचे पैसे वेगळे का, रात्री नर्स असते का, विसरभोळेपणा वाढला तर राहू देणार का, एक जण गेल्यावर दुसऱ्याचा हक्क तसाच राहतो का, हे करारात कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणा. तोंडी आश्वासनावर अजिबात विसंबू नका.

सोबत मोजपट्टी न्या. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवले: व्हीलचेअर मावेल अशी लिफ्ट, निदान ९०० मिलिमीटर रुंद प्रवेशदार, रॅम्प, न घसरणाऱ्या फरशा. जुन्या इमारती त्याआधीच्या, म्हणून बाथरूमचं दारसुद्धा स्वतः मोजा.

पैशांचं थोडक्यात. जुनं घर विकल्यावर भांडवली नफ्यावरचा कर वाचवायला साधारणपणे दोन वर्षांत दुसरं घर विकत घ्यावं लागतं. अनामत भरून नुसती राहायची परवानगी मिळत असेल, तर ते घर विकत घेणं नव्हे. विकण्याआधीच सीएला भेटा. आणि मुलाच्या नावावर घर आताच करू नका, मृत्युपत्र पुरेसं आहे. बक्षीसपत्र करायचंच ठरलं, तर आमचा सांभाळ करावा ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. अट पाळली गेली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं. मुलगा कितीही चांगला असला तरी लिहाच.

आता सामान. सुरुवात माळ्यापासून करा, कपाटांपासून नको. माळ्यावरच्या वस्तूंत जीव कमी गुंतलेला असतो. मुलाला फोटो पाठवून काय हवं ते विचारा आणि उत्तराची तारीख ठरवून द्या, नाहीतर 'ठेव गं, बघू' यातच वर्ष जातं. तांब्या-पितळेची पिंपं, घंगाळ, परात मोडीत देताना वाईट वाटतं, पण त्यांना भाव तरी येतो. पाटा-वरवंटा कुणीच नेत नाही. माझा सासूबाईंच्या हातचा होता, तो शेवटी गावी भावजयीकडे पोचवला. देवघर लहान करायला घरातल्या थोरांशी बोला. आमचे टाक धाकट्या दिरांकडे गेले. अन्नपूर्णा माझ्या माहेरची, ती मी सोबत आणली.

जेवण भोजनगृहात असलं, तरी स्वतःच्या चहाची सोय खोलीत हवीच. पहाटे उठून चहासाठी दुसऱ्याच्या वेळापत्रकाची वाट बघायची, हे मला कधीच जमलं नसतं.

महिनाभर भाड्याने राहू देतात का विचारा, शक्यतो पावसाळ्यात, म्हणजे ओल, लिफ्ट, वीज सगळं कळतं. डोंबिवलीच्या घराला कुलूप लावून या. महिना संपताना तुमच्या यजमानांना मोकळेपणाने विचारा. पुष्कळदा बायकांचं मन लवकर रमतं आणि पुरुष गप्प राहतात.