नऊ आकड्यांत एक ११२० : ठेवायचा की वगळायचा?

प्रश्न : एम.ए. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात दिवा लागताच कळ दाबण्याचा प्रतिक्रिया-काल नऊ प्रयुक्तांवर (प्रयोगात भाग घेणाऱ्यांवर) मोजला. मिलिसेकंदांत आकडे : २४०, २५०, २५५, २६०, २७०, २७५, २८०, २९०, ११२०. मध्यमान (सरासरी) ३६०, प्रमाण विचलन (आकड्यांच्या पसाऱ्याचे माप) २८५.४. मध्यमानापासून तीन प्रमाण विचलनांपलीकडचा आकडा वगळतात; शेवटचा आकडा त्याच्या आत बसतो, म्हणून ठेवला. चालेल का?

उत्तर : गणित बरोबर आहे, कसोटी मात्र चुकीची निवडली आहे. ११२० आणि मध्यमान यांतला फरक ७६०. त्याला २८५.४ ने भागले की २.६६ येतात, म्हणून आकडा ‘आत’ दिसतो. पण हे २८५.४ आले कुठून? विचलनांच्या (मध्यमानापासूनच्या अंतरांच्या) वर्गांची बेरीज ६,५१,७५० आहे आणि त्यातले ५,७७,६०० एकट्या ११२० चे! ज्याला तपासायचे, त्यानेच मोजपट्टी ताणली आहे. नऊ आकड्यांत एखादा एक लाख असला तरी तो २.६७ प्रमाण विचलनांपलीकडे जाऊच शकत नाही. आकड्यांच्या संख्येतून एक वजा करून त्याला संख्येच्या वर्गमुळाने भागा (इथे ८ भागिले ३), ती कमाल मर्यादा. ती तीनच्या वर जायला किमान अकरा आकडे लागतात. लहान गटाला हा नियम लावूच नका.

त्याऐवजी मध्यांक घ्या : चढत्या क्रमातला पाचवा आकडा, २७०. प्रत्येक आकड्याचे त्यापासूनचे अंतर चिन्ह सोडून लिहा आणि त्या अंतरांचा मध्यांक काढा. तो १५ येतो. त्याला १.४८२६ ने गुणले (म्हणजे ते प्रमाण विचलनाशी तुलना करण्याजोगे होते) की २२.२. आता ११२० चे अंतर ८५० आहे, म्हणजे तब्बल ३८ पट. सहसा तीन पटींपुढेच संशय घेतात.

तरीही आकडा केवळ विचित्र दिसतो म्हणून खोडू नका. प्रयोगाची नोंद पाहा : बोट कळीवर नव्हते का, कुणी मध्येच बोलले का? तसे लिहिलेले असेल तर वगळा, आणि वगळल्याचे अहवालात सांगा (मग मध्यमान २६५, प्रमाण विचलन १६.७). नोंद नसेल तर ठेवा आणि मध्यांकासोबत चतुर्थक विचलन (मधल्या निम्म्या आकड्यांच्या पसाऱ्याचे निम्मे) द्या. खालच्या चौघांचा मध्यांक २५२.५, वरच्या चौघांचा २८५. फरकाचे निम्मे १६.२५. प्रतिक्रिया-कालाचे आकडे मुळातच उजवीकडे, म्हणजे मोठ्या आकड्यांच्या बाजूला, लांबतात. वेगाला शरीराची मर्यादा असते, लक्ष उडाल्यावर होणाऱ्या उशिराला नसते. पुढच्या वेळी प्रत्येकाकडून वीसेक प्रयत्न घेऊन त्याचा स्वतःचा मध्यांक काढा, आणि वगळण्याचा निकष मोजणीआधीच लिहून ठेवा.

प्रश्न : याच आकड्यांचे प्रमाण विचलन एक्सेलमध्ये एका सूत्राने २६९.१, दुसऱ्याने २८५.४ येते. कोणते द्यावे?

उत्तर : २८५.४. पहिले सूत्र नऊने भागते, दुसरे आठने. विचलने नमुन्याच्याच मध्यमानापासून मोजली की वर्गांची बेरीज कमीत कमी येते, त्यामुळे नऊने भागल्यास समष्टीचा (ज्यातून नमुना घेतला त्या सगळ्या गटाचा) पसारा कमी भासतो. फक्त या नऊ जणांविषयीच बोलायचे असेल तरच पहिले.