रिपोर्टात तेरा पट, मग हृदय किती उरलं?

"मॅडम, नॉर्मल १२५ आणि बाबांचं १६४०. तेरा पट! आता किती दिवस आहेत?"

नागपूरच्या धंतोलीतल्या ओपीडीत, हृदयाच्या एका रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात घेऊन, हा प्रश्न थोड्याफार फरकानं नेहमीच येतो. या वेळी विचारत होती सून, मुलगा पुण्याहून स्पीकरवर होता आणि ज्यांचा रिपोर्ट ते अठ्ठ्याहत्तरीचे काकाजी बाहेर बाकावर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) त्यांना आत का नाही आणलं? "सांगितलंच नाही. घाबरतील."

मी त्यांना आत बोलावलं. म्हाताऱ्या माणसापासून त्याचाच रिपोर्ट लपवणं मला पटत नाही, आणि ते लपतही नाही. काकाजी बसता बसताच म्हणाले, "माझं काही खरं नाही, बाप्पा. पोरगं एरवी रविवारी फोन करायचं, आता रोज करून राहिलं." पलंग खालच्या खोलीत आला होता. सकाळच्या फिरण्याचे बूट माळ्यावर गेले होते. डॉक्टरांनी मात्र यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी गोळ्या चालू ठेवून तीन महिन्यांनी बोलावलं होतं, एवढंच.

ही तपासणी एनटी-प्रोबीएनपीची. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की हा पदार्थ रक्तात वाढतो. जास्त आकडा म्हणजे साधारणपणे जास्त ताण, हे खरंच आहे, ते मी नाकारलं नाही. पण १२५ च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदयाचं पंपिंग शरीराला पुरेनासं होण्याची, शक्यता कमी, एवढंच ती रेघ सांगते. वर तेरा पट म्हणजे आजार तेरा पट, असा हिशेब नसतो. वयानं हा आकडा चढतोच. अचानक दम लागून इमर्जन्सीत आलेल्या माणसातसुद्धा हार्ट फेल्युअर धरायची पातळी पन्नाशीच्या आत ४५०, पंचाहत्तरीपर्यंत ९०० आणि त्यापुढे १८०० अशी मानतात. किडनी मंदावली किंवा ठोके अनियमित असले तरी तो वाढतो. उलट स्थूल माणसात कमी येतो, म्हणून कमी आकडा पाहून निर्धास्त होणंही बरं नाही.

काकाजींच्या फाइलीत क्रिएटिनिन १.६ होतं, म्हणजे किडनी थोडी मंदावलेली. इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद त्याच्याच मागे टाचलेला, त्यावर ५० टक्के पंपिंग, म्हणजे जवळपास नॉर्मल. सगळ्यांनी मोबाइलवर फोटो काढून फिरवला तो फक्त पहिल्या पानाचा.

मी समुपदेशक आहे, निदान माझं काम नाही. म्हणून आम्ही एका कागदावर प्रश्न लिहिले: किडनीमुळे यातला किती? आधीचा आकडा आहे का? फिरायला जाऊ द्यायचं का? शेवटचा काकाजींनी स्वतः घातला. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट काढला, वर्षापूर्वी १५१० होता. एवढा फरक दोन तपासण्यांत पडतोच म्हणाले. मोठी उडी आणि सोबत लक्षणं असती तर गोष्ट वेगळी. फिरणं सुरू करा, दम लागला की थांबा.

मग डॉक्टरांनी विचारलं, वजन रोज करता का? घरात काटाच नव्हता. तेरा पटीच्या धसक्यात पायावरची सूज कोणी दाबून पाहिली नव्हती आणि जेवणात दोन्ही वेळा लिंबाचं लोणचं, पापड असं खारट चालूच होतं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन वाढलं, पाय सुजले, उशा वाढवल्याशिवाय झोप येईना, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं, हे सुनेनं लिहून घेतलं.

फोनवरून मुलानं विचारलं, "दर महिन्याला टेस्ट केली तर?" डॉक्टर सांगतील तेव्हाच, म्हटलं. आणि छातीत दुखलं, घाम फुटला, तर लॅबवाल्याला घरी बोलावत बसू नका. हार्ट अटॅकसाठी ट्रोपोनिन ही वेगळी रक्ततपासणी बघतात, तेही बरेचदा काही तासांच्या अंतरानं दोनदा, ईसीजीसोबत. त्यासाठी सरळ हॉस्पिटलच गाठायचं.

काकाजींनी जाताना सुनेला विचारलं, "बूट कोणत्या माळ्यावर ठेवले?"