दुष्काळावरचा उपाय म्हणून दिल्या जाणाऱ्या शेततळ्यांचा लाभ अल्पभूधारकांनाही सारखाच मिळतो का?

नाही, सारखा मिळत नाही. उलट विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरलेले प्लास्टिक अस्तराचे शेततळे अनेकदा शेजारच्या लहान शेतकऱ्याच्या वाट्याचेच पाणी ओढून घेते. मूळ कल्पना वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्याची होती, पण द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात हिवाळ्यात मोटार लावून, भूजल उपसून तळे भरले जाते, त्यातले बरेचसे उन्हाळ्यात वाफ होऊन उडते आणि बांधापलीकडची उथळ विहीर मात्र फेब्रुवारी-मार्चमध्येच तळ गाठते. शिवाय २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत किमान ०.६० हेक्टर जमिनीची अट होती, म्हणजे एकरभर जमीन असलेला शेतकरी अर्जाच्या पायरीवरच अडला. याउलट विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवला, भूमिहीनांनाही वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला. न्याय्य वाटणीचा याहून स्पष्ट नमुना मला तरी दिसत नाही. मात्र अस्तर नसलेले, केवळ ओघळाच्या पाण्यावर भरणारे तळे या आक्षेपात येत नाही, कारण त्यातले पाणी झिरपून आसपासच्या विहिरींनाही मिळते.