नवीन सोलर पॅनेलवर चरा आहे आणि काही सेलचा रंग वेगळा दिसतोय, परत पाठवू का?

चार सेल (पॅनेलमधले वीज बनवणारे चौकोनी तुकडे) बाकीच्यांपेक्षा निळे दिसतात, काचेवर एक चरा आहे आणि उद्या फिटिंगवाले येणार, असं तुम्ही लिहिलंय. रंगासाठी परत पाठवू नका. सेलवर प्रकाश परावर्तित होऊ नये म्हणून सिलिकॉन नायट्राइडचा थर असतो, जेमतेम 75-80 नॅनोमीटरचा. त्यात किंचित फरक पडला तरी रंग बदलतो, वीज तेवढीच मिळते. छत रस्त्यावरून दिसत असेल आणि डोळ्याला खुपत असेल, तर ते पॅनेल मागच्या रांगेत लावायला सांगा.

चरा आधी ओल्या फडक्याने पुसून बघा. पुष्कळदा तो खोक्याचा किंवा चिकटपट्टीचा डाग निघतो. पुसूनही राहिला तर त्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर सोडून द्या. अडकत असेल, किंवा काचेच्या कडेला टवका उडालेला असेल, तर मात्र पॅनेल बाजूला ठेवा. ही काच टफन केलेली असते. मधे छोटासा दगड लागला तरी सहसा टिकते, पण कडेला दुखावली तर पुढे कधीतरी अख्खीच्या अख्खी चुरा होऊ शकते.

खरं बघायचं ते मागे, आणि तिथे कोणी बघत नाही. माझे पॅनेल आले तेव्हा मीही अर्धा तास रंगच जुळवत बसलो होतो. एका पॅनेलच्या फ्रेमचा कोपरा दुसऱ्याच्या पाठीवर घासून बॅकशीटवर, म्हणजे मागच्या प्लास्टिकच्या थरावर, खोल ओरखडा पडला होता, तो दिसला वर चढवताना. पुरवठादार म्हणाला, फिटिंगच्या वेळी झाला असेल. माझ्याकडे फोटो नव्हता, विषय संपला. बॅकशीट म्हणजे पॅनेलचं इन्सुलेशन. ती फाटली की ओल आत जाते आणि पावसाळ्यात इन्व्हर्टर वीजगळतीची सूचना देत बंद पडू लागतो.

म्हणून आधी बंद खोक्याचे फोटो काढा, मग उघडा. पोचपावतीवर सही करताना खोकं फाटलेलं किंवा कोपरा दबलेला असेल तर तसं तिथेच लिहा. प्रत्येक दोषाच्या फोटोसोबत सीरियल नंबरचाही फोटो हवा. काच तिरक्या उजेडात बघा, समोरून बुडबुडे दिसत नाहीत. एखादा सुटा बुडबुडा फारसा त्रास देत नाही, पण सेलपासून फ्रेमपर्यंत सलग माळ लागली असेल तर पॅनेल घेऊ नका. सोलर पॅनेलच्या चाचणीच्या आयईसी 61215 या आंतरराष्ट्रीय मानकातही हा मोठा दोष मानलाय. फ्रेमला बारीक पोचा चालेल. कोपऱ्याचा सांधा उघडलाय का किंवा चौकट पिळलीय का, ते बघा. जंक्शन बॉक्स, म्हणजे मागे केबल निघतात ती डबी, सैल आहे का ते हाताने हलवून बघा, आणि केबलला धरून पॅनेल उचलणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

सेलमधले बारीक तडे डोळ्यांना दिसत नाहीत. कोपऱ्यावर आपटलेलं पॅनेल वरून कितीही स्वच्छ असलं तरी मी ते बदलूनच मागेन. शंका असेल तर उन्हात मल्टिमीटरने ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे पॅनेल कशालाही न जोडता येणारं व्होल्टेज, मोजा. पॅनेल तापलेलं असल्याने आकडा लेबलपेक्षा थोडा कमी येईल, ते ठीक. पण बाकीच्या पॅनेलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी आला, तर सेलची एक अख्खी ओळ किंवा तिचा बायपास डायोड (ओळ अडली की वीज बाजूने नेणारा भाग) गेलाय असं समजा.