वाचकांचे प्रश्न : टॉवर बंद पडल्यावरचा वायरलेस

प्रश्न : आमचे गाव निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठी आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात गावाचे रस्ते तुटले, वीज गेली आणि काही तासांत मोबाइलही बंद पडले. यंदा तरुण मंडळाने वर्गणी काढून ऑनलाइन बाजारातून वॉकीटॉकीचे दहा सेट घ्यायचे ठरवले आहे. जाहिरातीत दहा किलोमीटरचा पल्ला लिहिला आहे. हे सेट घ्यावेत का आणि त्यांवरून तालुक्याच्या ठिकाणाशी बोलता येईल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : येणार नाही, असेच धरून चाला. या सेटच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. माणसाच्या हातातला सेट जमिनीपासून जेमतेम दीड मीटर उंचीवर असतो, त्यामुळे अगदी सपाट माळावरही त्याचे क्षितिज सुमारे पाच किलोमीटरवर संपते. दोन्हीकडचे मिळून कागदावर दहा किलोमीटर होतात, आणि जाहिरातीतला आकडा बहुधा तिथूनच येतो. मध्ये घरे, झाडी आणि पुरुषभर उंचीचा ऊस आला की त्याचा चौथा हिस्सा पदरात पडला तरी पुष्कळ. तीस मीटर उंच मनोऱ्यावरच्या अँटेनाचे क्षितिज मात्र तेवीस किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणून जास्त वॅटचा सेट शोधण्यापेक्षा उंच जागा शोधणे केव्हाही फायद्याचे.

आता खरेदीविषयी. आपल्या देशात वायरलेस सेट वापरण्यासाठी सर्वसाधारणपणे केंद्रीय दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेचा परवाना लागतो. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या सेटना त्यातून सूट आहे; तरीही त्या सेटला सरकारी उपकरण-मान्यता असावी लागते. परवान्याचा उल्लेख न करता सरसकट सेट विकले जात असल्यामुळे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेव्हा पावती फाडण्याआधी सेट कोणत्या पट्ट्यात चालतो आणि त्याला मान्यता आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर लावता येणारा स्वस्त सेट घेऊन कोणी पोलिसांच्या चॅनेलवर बोलू लागले, तर ते बेकायदा तर आहेच, शिवाय ऐन पुरात बचावाचे काम तो माणूस स्वतःच अडवून ठेवतो.

सूट असलेल्या सेटचा उपयोग आहे, पण तो गावापुरता. नावेतला माणूस आणि काठावरचा माणूस, शाळेतले निवारा केंद्र आणि वरच्या गल्लीतले स्वयंसेवक, यांच्यात तो उत्तम चालेल. दहा घेण्याऐवजी सहा घ्या आणि उरलेल्या पैशांत जादा बॅटऱ्या, पाणी न शिरणाऱ्या पिशव्या आणि सौर पॅनेलवर चालणारा चार्जर घ्या.

गाव ते तालुका हा टप्पा वेगळा आहे, आणि पर्यायी व्यवस्थेचा खरा कस तिथेच लागतो. मोबाइल टॉवर पुरात सहसा कोसळत नाही. वीज जाते, बॅटरी काही तासांत उतरते, जनरेटरचे डिझेल संपते आणि डिझेलची गाडी पाण्यापलीकडे अडकते. पुष्कळदा पुलाला बांधून नेलेली ऑप्टिकल फायबरच तुटते, मग टॉवरवरचा दिवा जळत असला तरी फोन लागत नाही. यावरून पर्याय कसा निवडायचा ते ठरते : ज्या वीजपुरवठ्यावर, ज्या पुलावर आणि ज्या टॉवरवर पहिली व्यवस्था उभी आहे, त्यावर दुसरी उभी असता कामा नये. या कसोटीवर व्हॉट्सअॅपचा गट, पंचायतीचे इंटरनेट आणि त्याच टॉवरवर बसवलेला रिपीटर (आलेला संदेश पुन्हा पुढे प्रक्षेपित करणारे यंत्र) एकदमच नापास होतात.

म्हणून आपण तहसीलदार कार्यालयाकडे लेखी मागणी करावी की, पावसाळ्यापुरता पोलीस किंवा महसूल खात्याचा परवानाधारक वायरलेस सेट, चालवणाऱ्या माणसासह, नदीकाठच्या गावांच्या गटासाठी न बुडणाऱ्या एखाद्या उंच इमारतीत ठेवावा. तो मिळेपर्यंत, आणि मिळाल्यावरही, कोरड्या वाटेने जवळच्या पोलीस ठाण्यापर्यंत चिठ्ठी पोचवणारे दोन तरुण नावानिशी नेमून ठेवा. हा उपाय ऐकायला जुनाट वाटतो, पण त्याला चार्जिंग लागत नाही.

सेट कोणताही असो, तीन गोष्टी आत्ताच कागदावर उतरवा, कारण व्यवस्था मेल्यावर हुकूम पोचवायलाही व्यवस्था उरत नाही. पहिली, मुख्य चॅनेलवर पंधरा मिनिटे काहीच ऐकू आले नाही, तर कोणाच्याही आदेशाची वाट न पाहता सर्वांनी ठरलेल्या दुसऱ्या चॅनेलवर जायचे. दुसरी, प्रत्येक तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटे सर्वांचे सेट चालू असलेच पाहिजेत. एरवी ते बंद ठेवले तर बॅटरी कितीतरी जास्त टिकते, आणि एखादे गाव सलग दोन वेळा बोलले नाही तर तिकडे माणूस पाठवायचा हे आपोआप ठरते. तिसरी, निरोप आधी लिहायचा आणि मगच बोलायचा. उदाहरणार्थ : ‘शाळेच्या केंद्रावरून नियंत्रण कक्षास. वेळ चौदा-दहा. एक बाळंतीण, कळा सुरू. नाव हवी. दक्षिणेकडून जीप मंदिरापर्यंत येते, पुढे पाणी छातीएवढे.’ जीप कुठपर्यंत येते, हे वाक्य नसेल तर पलीकडचा माणूस तेच विचारण्यात पाच मिनिटे घालवतो. आकडे सुटे बोलावेत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत वायरलेसवर गफलत व्हायला वेळ लागत नाही, ‘पाच नऊ’ म्हटले की होत नाही. पाण्याची पातळी सांगताना फूट की मीटर, हेही प्रत्येक वेळी सांगावे. कोल्हापूर-सांगलीकडच्या नदीपातळ्या फुटांत सांगितल्या जातात आणि कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाची पातळी मीटरमध्ये, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर कोणाचाही गोंधळ उडू शकतो.

सीमेवरची आणखी एक अडचण नकाशात दिसत नाही. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले की निपाणीचा कोल्हापूरशी रस्ता तुटतो, बेळगावकडचा चालू राहतो. नदीच्या उत्तरेच्या गावांना मात्र महाराष्ट्रातले कागल जवळचे होते. तिथला मोबाइल कधी कधी महाराष्ट्रातला टॉवर पकडतो, आणि मग ११२ ला केलेला फोन पलीकडच्या राज्याच्या कक्षात जाऊ शकतो. दोन्ही राज्यांच्या पोलिसांची वायरलेस जाळी वेगवेगळी आहेत, १०८ च्या रुग्णवाहिकाही वेगवेगळ्या. निपाणी आणि कागलच्या नियंत्रण कक्षांनी एकमेकांचा एकेक सेट आणि एकेक माणूस आपल्या खोलीत बसवला, तर कोणतेही महागडे यंत्र न घेता हा प्रश्न बराचसा सुटेल. त्या माणसाला मराठी आणि कन्नड दोन्ही येत असावे. हे काम मंडळाचे नाही, प्रशासनाचे आहे. मागणी मात्र मंडळाने करावी.

प्रश्न : आमच्या रुग्णालयाच्या तीन रुग्णवाहिका खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीपर्यंत जातात. एका विक्रेत्याने ‘अमर्याद पल्ल्याचे’ सिमकार्डवाले वॉकीटॉकी सुचवले आहेत. आपले मत काय?

उत्तर : तो सेट दिसायला वॉकीटॉकी असला तरी आतून मोबाइलच आहे. टॉवर असेल तिथे तो दिल्लीपर्यंत बोलेल, टॉवर गेला की शेजारच्या खोलीशीही बोलणार नाही. रोजच्या कामासाठी जरूर घ्या, पर्याय म्हणून नको.

आपल्याला परवाना काढून गाडीत बसवायचे व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचे) सेट, छतावर अँटेना आणि उंच जागी एक रिपीटर लागेल. घाटातल्या दऱ्यांत रिपीटरही सगळीकडे पोचत नाही. म्हणून गाडी कोणत्या वळणावर थांबून बोलायची, ती ठिकाणे चालकांनी प्रत्यक्ष फिरून नोंदवून ठेवावीत. रिपीटर बंद पडला तर गाड्यांनी एकमेकींशी थेट बोलण्याचे चॅनेलही ठरलेले असावे. अनेक ठिकाणी नेमके तेच सेटमध्ये भरलेले नसते.

बॅटरीचा हिशेब स्वतः करा. पंचवीस वॅटचा रिपीटर बोलताना सुमारे सहा अँपिअर आणि नुसते ऐकताना अर्धा अँपिअर घेतो, असे धरा. आपत्तीत तो निम्मा वेळ बोलत राहिला तर सरासरी सव्वातीन अँपिअर, म्हणजे दिवसाला ७८ अँपिअर-तास लागतात. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून शंभर अँपिअर-तासांची एक बॅटरी सुमारे पंधरा तासांतच हात टेकते. तीन दिवस काढायचे असतील तर अशा पाच बॅटऱ्या लागतील. विक्रेते ‘चोवीस तास बॅकअप’ सांगतात तो शांत दिवसाचा असतो.

प्रश्न : मी बेळगावात अभियांत्रिकीचे शिक्षण घेते. हॅम रेडिओ शिकून आपत्तीत खरोखर काही मदत करता येते का?

उत्तर : येते. हॅम म्हणजे हौशी वायरलेसचालक. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम प्रसारणासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. त्सुनामीनंतर अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा त्यांच्या केंद्रावरून मुख्य भूमीशी निरोपांची देवाणघेवाण झाली. परवाना बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षा देऊन मिळतो. रिस्ट्रिक्टेड या खालच्या श्रेणीला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक भाषा) लागत नाही.

आपल्या भागासाठी मी सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यापासून सुरुवात करायला सांगेन. सुमारे वीस मीटर लांबीची तार दोन झाडांमध्ये आडवी आणि मुद्दाम कमी उंचीवर, चार-पाच मीटरवर बांधली, की लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परततात. दिवसा त्या दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत उतरतात आणि मधला डोंगर त्यांना आडवा येत नाही. खानापूरच्या दरीतून बेळगावशी रिपीटरविना बोलण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. रात्री हा पट्टा लांबचे ऐकवतो आणि जवळचे गाळतो. तेव्हा साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपास उतरावे लागते, आणि तिथे तार दुप्पट लांब लागते.